चित्रकलेकडून नांगराकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

आमच्या इब्रामपूर गावात किर्लोस्कर हे नाव दोन ठिकाणी भेटते. जत्रेतल्या नाटकांविषयी जुनी माणसे बोलू लागली की संगीत नाटकाचा पाया घालणारे म्हणून अण्णासाहेब किर्लोस्करांचे नाव निघते. आणि कुळागराला पाणी चढवणाऱ्या पंपाच्या अंगावर तेच नाव ठसठशीत उमटलेले दिसते. नाटक आणि पंप यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही. पण ही दोन्ही नावे एकाच गावातून निघाली. ते गाव म्हणजे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर.

अण्णासाहेबांना नाट्यरसिक विसरलेले नाहीत. मला लिहायचे आहे ते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांच्याविषयी. त्यांना आपण कारखानदार म्हणून ओळखतो. परंतु कारखानदार होण्यापूर्वी ते चित्रकलेचे विद्यार्थी होते, मास्तर होते आणि सायकलींचे दुकानदारही होते. ज्या किर्लोस्करवाडीमुळे त्यांचे नाव मागे राहिले, ती वसू लागली तेव्हा त्यांना चाळीस वर्षे पुरी झाली होती. आम्हा वीस वर्षांच्या मुलांना घरीदारी एकच गोष्ट सांगितली जाते, की काय ते एकदा ठरवावे आणि मग त्याला चिकटून राहावे. तिशीत नोकरीत कायम झाला तो सुखी आणि चाळिशीत काम बदलणारा बिचारा, असा आपल्याकडचा हिशेब आहे. लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना हा हिशेब मला पुन्हा तपासावासा वाटला.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी झाला. आडनाव कोकणातल्या किर्लोस गावावरून आलेले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांना त्यांच्यावर सारखाच हक्क सांगता येईल. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलानेही पोथ्यापुराणांची तीच वाट धरावी अशी घरची अपेक्षा होती. पण मुलाचे मन रमे ते चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलून पाहण्यात. त्या काळी असल्या आवडीला कोणी विद्या म्हणत नसे. वडिलांना हे पसंत नव्हते, परंतु थोरले बंधू रामुअण्णा यांनी पैशांचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. हे रामुअण्णा या कथेत पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून वाचकांनी त्यांना ध्यानात ठेवावे.

दोन वर्षे हात चांगला वळला, पण पुढे निसर्गाने अडथळा घातला. आपल्याला काही रंगांमधला भेद नीट कळत नाही, हे लक्ष्मणरावांच्या लक्षात आले. चित्रकाराला रंगच ओळखता येऊ नयेत, म्हणजे गवयाला सूर ऐकू येऊ नयेत तसेच ते. दुसरा एखादा मुलगा असता तर सामान आवरून गावी परतला असता आणि नशिबाला बोल लावत बसला असता. लक्ष्मणरावांनी आपल्या कलेची विभागणी केली. रंग गेले, पण रेघ शाबूत होती. त्यांनी रंगचित्रे सोडली आणि यांत्रिक रेखाटन धरले. यंत्राचा प्रत्येक भाग मापात, कागदावर, कोणालाही पाहून बनवता येईल असा काढणे, ही ती विद्या. तिला रंगांची गरज नसते. अचूक डोळा, स्थिर हात आणि वस्तू कशी चालते याची समज एवढे पुरते.

या विद्येच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक झाले. ही संस्था १८८७ साली स्थापन झाली होती. शिकवण्याचे काम संपले की हे मास्तर घरी जात नसत. संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रांवर प्रत्यक्ष काम करीत आणि ज्या वस्तू फळ्यावर काढायच्या त्या हातांनी घडवून पाहत. पगारासाठी याची काही आवश्यकता नव्हती. माणसाला मनाजोगे काम कोणते, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही. कामाची वेळ संपल्यावर, कोणी सांगितले नसताना आणि पैसे मिळत नसताना त्याचे पाय कुठे वळतात, ते पाहावे.

याच सुमारास सायकल हे नवे वाहन मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागले होते. लक्ष्मणरावांना तिचे यंत्र आवडले आणि त्यातला धंदाही दिसला. त्यांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी व्यवस्था ठरली. रामुअण्णा गिऱ्हाइकाला सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. किर्लोस्कर बंधू या पेढीचा आरंभ १८८८ सालापासून मोजला जातो. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. सणासुदीला त्या रस्त्याने खरेदी करणाऱ्या किती जणांना तिथल्या सायकलींच्या दुकानाची माहिती असते, कोणास ठाऊक!

येथे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून दुकान काढले नाही. नोकरी चालू असतानाच दुकान उभे राहिले आणि त्याच्या पायात बळ आले. पुढे नोकरी सोडण्याचा प्रसंग आला तो त्यांच्या मानी स्वभावामुळे. संस्थेत बढतीची जागा निघाली. कामाने आणि अनुभवाने ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. राज्य कोणाचे आहे हे अशा वेळी पगारपत्रकावरूनही समजत असे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. अपमानाने नोकरी सोडणारे पुष्कळ असतात. सोडल्यावर उभे राहायला जागा असणारे थोडे. ती जागा दोघा भावांनी आधीच तयार करून ठेवली होती.

बेळगावात सायकलींचा धंदा चालत होता, पण दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला लागणारी वस्तू आपणच का बनवू नये, असा विचार त्यांनी केला. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. तेव्हा लक्ष्मणराव चौतीस वर्षांचे होते.

नांगर तयार झाला, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, मग त्यात पीक येत नाही, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे म्हणजे दोन पावसाळे, दोन दिवाळ्या आणि चोवीस महिन्यांचा घरखर्च! ही हकीकत सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसण्याची पद्धत आहे. मी शेतकरी घरातला असल्याने मला तसे हसता येत नाही. आमच्या आजोबांचा लाकडी नांगर गावच्याच सुताराने गावच्याच लाकडाचा केलेला होता. मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होई, आणि मजुरी भाताच्या रूपात देता येई. लोखंडी नांगराचे तसे नव्हते. तो रोख पैशांनी घ्यायचा, मोडला तर बेळगाव गाठायचे, आणि प्रयोग फसला तर वर्षाचे पीक हातचे जायचे. ज्याच्यापाशी एकच शेत आणि बैलांची एकच जोडी आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहणे हा मूर्खपणा नसून तो त्याचा विमा असतो. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यावर राग धरला नाही आणि नांगर बनवणेही सोडले नाही. एकदा शेतात चाललेला नांगर शेजाऱ्याने पाहिला की तो खपू लागला. लोखंडी नांगर जमीन खोल उलथतो, हे पटवून देण्याचे काम शेवटी नांगरानेच केले.

धंद्याला अशी गती येत होती, तोच दुसरे संकट आले. बेळगावात ज्या जागेवर कारखाना होता ती जागा नगरपालिकेला हवी होती. कारखाना हलवावा लागणार हे स्पष्ट झाले. चाळिशीतला माणूस, पदरी बायकामुले, अंगावर कामगारांची जबाबदारी, आणि यंत्रे ठेवायला जागा नाही. कोणत्याही ताळेबंदात ही स्थिती दिवाळ्याच्या अगदी जवळची समजली जाईल. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात पुढे केला. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांची योग्यता जाणत होते. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जमीन मिळाली म्हणजे कारखाना झाला असे नव्हे. तो सारा माळ होता. निवडुंग माजलेला, पाण्याची टंचाई आणि सापांचा सुळसुळाट. १९१० च्या मार्च महिन्यात पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे तेथे राहायला आली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनीही बेळगावचे बसलेले घर मोडून त्या माळावर संसार मांडला. चरित्रे लिहिताना पुरुषाच्या धाडसाचे वर्णन होते आणि पाणी कोठून आणले, चूल कशावर पेटवली, आजारी मुलाला कोठे नेले, हे प्रश्न ज्या बाईला सोडवावे लागले तिला एका ओळीत गुंडाळले जाते. वास्तविक चाळिशीत काम बदलण्याचा निर्णय एकटा पुरुष घेतच नसतो. त्या निर्णयावर घरातल्या बाईची सही असावी लागते, मग ती कागदावर दिसो वा न दिसो.

या वाडीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे जमलेली माणसे. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार अंगावर घेतला. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळला. आम्हा वाणिज्यवाल्यांनी त्यांची आठवण विशेष ठेवावी. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. दरोडेखोरीची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदार नेमले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. जगाने ज्यांना नापास ठरवून बाजूला काढले होते, अशा माणसांना येथे दुसरी संधी मिळाली. लक्ष्मणरावांनाही ती मिळाली होती. रंगांत ते नापास झाले होते आणि बढतीत डावलले गेले होते. म्हणूनच बहुधा दुसऱ्याचा निकाल शेवटचा मानायचा नाही, ही सवय त्यांना लागली असावी.

पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले आणि देशी नांगरांना मागणी आली. पण त्याचबरोबर लोखंड मिळणेही कठीण झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची बातमी देणारे ते पत्रक वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ हे मासिक त्याला जोडले गेले. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांत विचार पोचवणारी मासिके निघावीत, हे जगात फार ठिकाणी घडले नसेल. वाडीत नांगरांबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, उसाचे चरक आणि पंपही तयार होऊ लागले.

येथे थोडे थांबून १८८५ सालाकडे वळू. त्याच वर्षी जे. जे. कलाशाळेत नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा आणखी एक मुलगा दाखल झाला होता. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रकार, पुरातत्त्व खात्यातील नोकर, मुद्रक अशी कामे करीत फाळक्यांनीही चाळिशी गाठली. १९११ साली त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि छापखान्याचा धंदा मागे टाकून त्या वेडाच्या मागे लागले. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एकाच वर्षी एकाच शाळेत गेलेल्या दोन मुलांना आपले खरे काम पंचवीस वर्षांनी सापडावे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. पण दोघांच्या उत्तरायुष्यात फरक पडला. फाळक्यांचे भागीदारांशी पटले नाही, पैसा टिकला नाही आणि शेवटची वर्षे ओढाताणीत गेली. प्रतिभा कोणाची मोठी, याची तुलना करण्याचा माझा अधिकार नाही. इतकेच दिसते, की फाळक्यांच्या पाठीशी रामुअण्णा नव्हते आणि वही सांभाळणारे मंगेशराव नव्हते.

हा विषय मला केवळ परीक्षेपुरता वाटत नाही, याचे कारण आमच्या घरातच आहे. माझे काका डिचोली भागात खनिजाचा ट्रक चालवत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ पासून पुन्हा थांबल्या. त्या वेळी काकांचे वय त्रेचाळीस होते. ट्रकचे हप्ते चालू होते, दोन मुले शिकत होती. घराघरांत तेव्हा हीच चर्चा होती. कोणी परदेशी जहाजावर गेला, कोणी ट्रक विकून टॅक्सी घेतली, कोणी नुसताच बसून राहिला. पुढे काही खाणी लिलावाने सुरू झाल्या आणि आमच्या पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ झाला. पण त्रेचाळिसाव्या वर्षी थांबलेल्या माणसाला सहा वर्षे वाट पाहता येत नाही.

काकांनी ट्रक विकला. इतकी वर्षे रस्त्यावर बिघडलेले इंजिन स्वतः उघडून दुरुस्त करण्याची त्यांना सवय होती. त्या भांडवलावर त्यांनी पंप आणि मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. सुरुवातीला कुळागरवाले त्यांना ट्रकवालाच म्हणत आणि काम देताना बिचकत. आज त्यांच्याकडे काम येते. मिळकत पूर्वीच्या मानाने कमीच आहे. पावसाळ्यात पंप बंद असतात तेव्हा हात रिकामे राहतात. हे सारे ठीक झाले असे मी लिहिणार नाही. पण एखाद्या गावाला जाऊन बंद पडलेली मोटार चालू करून आले की त्या दिवशी जेवताना ते बोलतात. ट्रक चालवत होते तेव्हा ते जेवताना बोलत नसत. काकूने ही गोष्ट मला सांगितली, आणि मला वाटते तिचा हिशेब बँकेच्या हिशेबापेक्षा अधिक बारीक आहे.

आता वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर या सगळ्याचा ताळेबंद असा मांडता येईल. यंत्र जुने झाले की आपण त्यावर दरवर्षी घसारा धरतो आणि त्याची किंमत कमी करत नेतो. माणसाच्या बाबतीतही आपण नकळत तेच करतो. चाळिशी उलटली की त्याची किंमत उतरली असे मानतो. लक्ष्मणरावांच्या चरित्रात याच्या उलट नोंदी आढळतात. चित्रकला सोडली पण रेखाटन बरोबर आले. मास्तरकी सोडली पण कार्यशाळेत मिळवलेला हात बरोबर आला. सायकलींचे दुकान मागे पडले पण गिऱ्हाइकाला नवी वस्तू शिकवूनच विकावी लागते, हा धडा नांगराच्या वेळी उपयोगी पडला. प्रत्येक वेळी कामाचे नाव बदलले, शिल्लक मात्र पुढच्या पानावर ओढली गेली. काम बदलणे म्हणजे जुनी वही जाळणे नव्हे, हे मला यातून कळले.

परंतु ताळेबंदाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. लक्ष्मणरावांना शिकण्याची संधी मिळाली, ती त्या काळी फार थोड्या घरांतील मुलांना मिळत होती. फी भरायला भाऊ होता. संकटात जमीन आणि कर्ज देणारा राजा होता. नांगर खपला नाही त्या दोन वर्षांत घर उपाशी राहिले नाही, कारण दुकान चालू होते. हे आधार काढून घेतले तर नुसत्या जिद्दीने काय झाले असते, हे सांगता येत नाही. म्हणून मध्यम वयात काम सुटलेल्या माणसाला केवळ लक्ष्मणरावांची गोष्ट सांगून जिद्द धरण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. त्याला जिद्दीबरोबरच थोडी जागा, थोडे सवलतीचे कर्ज आणि पहिली दोन वर्षे निभावतील इतका आधार लागतो. राजेरजवाडे गेले, ते काम आता सहकारी संस्थांनी, बँकांनी आणि सरकारने करायचे आहे. आमच्यापैकी पुष्कळ जण उद्या बँकांत आणि पतसंस्थांत काम करतील. समोर एखादा पंचेचाळीस वर्षांचा अर्जदार येईल, त्याचा जुना धंदा बुडालेला असेल आणि नव्या धंद्याचा अनुभव या रकान्यात त्याने काहीच लिहिलेले नसेल. त्या वेळी तो रकाना रिकामा आहे म्हणून अर्ज बाजूला ठेवायचा, की जुन्या कामातून त्याने काय शिल्लक आणली आहे ते विचारायचे, हा प्रश्न आमच्या पिढीला सोडवावा लागणार आहे.

लक्ष्मणरावांच्या पुढच्या पिढीने उद्योगाचा विस्तार केला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. १९४१ साली कन्नड मुलखात हरिहरला यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला, आणि १९४६ साली पुण्यात तेल इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या मोटारींचा. गुर्लहोसूरच्या मुलाचे नाव अशा रीतीने दोन्ही भाषांच्या प्रदेशांत पसरले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

बेळगावहून मिरजेमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. तेच पूर्वीचे कुंडल रोड. गाडी तिथे फार थांबत नाही. आमच्या परीक्षा संपल्या की पुढच्या शिक्षणासाठी किंवा नोकरी शोधायला आपल्यापैकी अनेक जण त्या मार्गाने जातील, कोणाच्या मनात निवड पक्की असेल, कोणाच्या मनात नसेल. ज्यांच्या मनात ती नसेल त्यांनी खिडकीबाहेर जरूर पाहावे. त्या माळावर आलेल्या माणसाने तोवर तीन कामे करून पाहिली होती, आणि पुढच्या सेहेचाळीस वर्षांचे काम अजून सुरू व्हायचे होते.